जावई लाडका आहे, मग त्याची नक्कल का बोचते?

नमस्कार मावशी,

मी सांगलीची, लग्न होऊन पुण्यात आले. नवरा तमिळ, कुंभकोणमचा. लग्न ठरलं तेव्हा बाबांनी बराच काळ अबोला धरला होता. आता सगळं पालटलंय. घरात आंबे आले की पहिली फोड जावयाला. गेल्या वर्षी त्याला डेंगी झाला, तेव्हा बाबा सांगलीहून रातोरात आले आणि दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहिले. म्हणून हे लिहिताना मला कृतघ्न झाल्यासारखं वाटतंय.

माहेरी सगळे जमले की 'मद्रासी'ची नक्कल ठरलेली. मान डोलवायची, 'ऐयो ऐयो' करायचं, यंडुगुंडू बडबडायचं. नवराही हसतो. यंदा गौरी-गणपतीत भावाने आमच्या सहा वर्षांच्या मुलीला लुंगी गुंडाळली, कपाळावर भस्माचे पट्टे ओढले आणि तिला तसं बोलायला लावलं. सगळे खो खो हसले. रात्री झोपताना तिने मला विचारलं, "अप्पा तसं का नाही बोलत? तो खरा मद्रासी नाहीये का?"

फेब्रुवारीत भावाचं लग्न आहे. संगीतात तो नि त्याचे मित्र 'लुंगी डान्स' बसवणार आहेत, जावयाला मध्ये उभं करून. माझे सासू-सासरे पहिल्यांदाच सांगलीला येणार आहेत. भावाला हटकलं तर म्हणाला, "किती मनाला लावून घेतेस! आपलाच आहे तो, प्रेमानेच करतो ना आपण?" आईचंही तेच. मावशी, प्रेम खरं आहे हे मलाही दिसतं. मग मला त्रास का होतो? बोलू की गप्प बसू?

— सांगलीची लेक, पुणे

लेकी,

तू बोलायलाच हवंस. कसं, ते पुढे सांगते. आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचं उत्तर तुझं तुला पटलं नसेल तर भावासमोर तुझी जीभ अडखळेल.

तुझ्या माहेरी जी नक्कल होते, ती तुझ्या नवऱ्याची नाहीच. तो 'ऐयो ऐयो' करत नाही, आणि यंडुगुंडू तर जगात कुणीच बोलत नाही. नक्कल होते ती हिंदी सिनेमातल्या एका पात्राची. 1968 साली 'पडोसन' आला. त्यात मेहमूदने लुंगीतला, हेल काढून हिंदी बोलणारा तमिळ संगीत मास्तर रंगवला. मेहमूद ताकदीचा नट होता, लोक आजही ते प्रसंग पाहून पोट धरून हसतात. पण पुढे हिंदी पडद्यावर दक्षिणेतला माणूस आला की बहुतेक वेळा त्याच लुंगीत आणि त्याच हेलात येऊ लागला. तमिळ, तेलुगू, मल्याळी, कानडी या चार वेगळ्या भाषा, त्यांच्या चार वेगळ्या लिप्या, आणि सगळ्यांचा मिळून एकच 'मद्रासी'. 2013 सालचा 'चेन्नई एक्सप्रेस' पाहा, मधे 45 वर्षं गेली तरी हेल तोच. तुझा नवरा इतकी वर्षं तुमच्या घरात जेवतोय, झोपतोय, आजारी पडतोय, बरा होतोय. तरी थट्टा करायची वेळ आली की घरचे त्याच्याकडे बघत नाहीत, मेहमूदकडे बघतात. तुला बोचतं ते हे.

थट्टा घरात हवीच. थट्टा नसलेलं सासर हे कचेरीसारखं असतं. पण त्याची स्वतःची अशी थट्टा करता येईल ना! तो गाडी लावताना चारदा मागे-पुढे करत असेल, गोळी घेण्याआधी पाकिटावरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचत असेल, पत्ते पिसताना हमखास दोन पानं खाली पाडत असेल. भावाने त्यावरून त्याला छळलं तर तो मनापासून हसेल, कारण अशी थट्टा करायला माणूस ओळखावा लागतो. साच्याची नक्कल करायला त्याला ओळखायची गरजच पडत नाही. ती तो घरात नसतानाही, त्याला कधी न भेटलेल्या माणसालाही करता येते. तुझ्या भावाच्या मित्रांना ती येते, यावरूनच काय ते समज.

कौतुकाचाही साचा असतो, तेवढं लक्षात ठेव. जावयाचा हिशेब पटकन जुळला की 'मद्रासी डोकं आहे' म्हणणारे घरोघरी सापडतात. ते चांगल्या मनानेच म्हणतात. पण त्याने रात्र-रात्र जागून केलेला अभ्यास त्या एका वाक्यात त्याच्याकडून काढून घेतला जातो.

आता भावाचा मुद्दा. प्रेमाने करतो, मग त्यात वाईट काय? इथे मला रवींद्रनाथांची 'काबुलीवाला' आठवते. 1892 सालची गोष्ट. कोलकात्यात सुका मेवा विकत फिरणारा रहमत नावाचा अफगाण आणि पाच वर्षांची मिनी. सुरुवातीला मिनी त्याला घाबरते, कारण तिची समजूत असते की त्याच्या झोळीत तिच्यासारखीच पळवलेली पोरं आहेत. मग बदाम-मनुके येतात, गप्पा येतात, दोघांचे ठरलेले विनोद होतात. आईच्या मनातली भीती मात्र जात नाही. काबूलचे लोक मुलं पळवतात असं तिने ऐकलेलं असतं आणि नवऱ्याने समजावूनही ते तिच्या डोक्यातून निघत नाही.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो मिनीचा बाप. त्याच्या मनात रहमतबद्दल भीती नाही की आकस नाही. त्याला रहमत आवडतो. तो त्याच्याशी बसून बोलतो, दूरदेशीच्या गोष्टी ऐकतो. तरीही त्याच्या लेखी रहमत हा 'काबुलीवाला'च असतो, डोंगर आणि उंटांच्या देशातून आलेला एक मजेदार माणूस. पुढे एका भांडणात सुरा चालवला म्हणून रहमत तुरुंगात जातो आणि सुटून येतो तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी. बाप त्याला वाटेला लावू पाहतो. तेव्हा रहमत अंगरख्यातून एक मळका कागद काढतो. त्यावर काजळीने उमटवलेला एका लहान मुलीच्या हाताचा ठसा असतो. दूर गावी राहिलेल्या त्याच्या लेकीचा. इतकी वर्षं तो छातीशी घेऊन हा माणूस कोलकात्याच्या गल्ल्यांत मेवा विकत होता. तेव्हा कुठे मिनीच्या बापाला उमगतं की हाही बाप आहे, माझ्यासारखाच.

म्हणजे प्रेम आधीपासून होतं आणि ओळख पटली ती शेवटी. दोन्ही एकत्र नांदू शकतात, आणि तुझ्या माहेरी नेमकं तेच चाललंय. बाबांचं प्रेम खोटं नाही. त्या दवाखान्यातल्या रात्री खोट्या नाहीत. त्यांनी जावयाला लेकाच्या जागी बसवलंय, पण तो कुणाचा तरी लेक आहे, त्यालाही एक घर आहे, एक भाषा आहे, तिथेही त्याच्यासाठी कुणी पहिली फोड ठेवतं, हे त्यांनी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. फेब्रुवारीत तुझे सासू-सासरे येणार आहेत. त्यांना पाहण्याची ही संधी आहे, आणि ती नाचाखाली चिरडली जाता कामा नये.

गोष्टीतला बाप पुढे काय करतो माहीत आहे? रहमतला लेकीकडे परत जाता यावं म्हणून तो त्याच्या हातात पैसे ठेवतो आणि त्यापायी लग्नातली रोषणाई आणि बँड रद्द करतो. घरातल्या बायका नाराज होतात, तरी करतो. तू तर भावाकडे फक्त एक गाणं बदलायला सांगणार आहेस. हे मागणं अवाजवी नाही.

या गोष्टीवर 1961 साली हिंदी चित्रपट आला, बलराज साहनी रहमत झाले होते. त्यातलं 'ऐ मेरे प्यारे वतन' गायलं मन्ना डे यांनी, आणि ऐकताना वाटतं की गाणाऱ्याने काबूलचे डोंगर मागे सोडले आहेत. सात वर्षांनी 'पडोसन'मध्ये त्याच मन्ना डे यांनी मेहमूदच्या त्या मास्तरला आवाज दिला. गळा एकच. एकदा परमुलखातल्या माणसाच्या घरासाठी व्याकूळ झाला, एकदा त्याच्या फजितीत सामील झाला. तुझ्या माहेरचा गळाही दोन्ही गाऊ शकतो. कुठली गोष्ट सांगायची हे ठरवण्यात तुझा हात हवा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

आधी नवऱ्याशी बोल, एकट्याने. "तुला वाईट वाटतं का?" असं विचारू नकोस, तो "छे छे" म्हणेल. ज्याच्यापायी सासऱ्यांनी अबोला धरला होता, तो माणूस पहिल्यांदा नक्कल झाली तेव्हा हसला नसता तर 'जावई तुसडा आहे' असं झालं असतं. तेव्हा आलेलं हसू मग अंगवळणी पडतं. तू त्याला विचार, "अप्पा-अम्मा पहिल्या रांगेत बसलेले असताना तू मध्ये उभा राहून तो नाच करशील?" आणि उत्तराआधी तो किती वेळ घेतो ते बघ. त्याने खरोखर मनापासून "करेन, मजा येईल" म्हटलं, तर त्याच्यापुरता तो त्याचा निर्णय, त्यावर तू रागावू नकोस. पण लेकीचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही, तो तुम्हा दोघांचा आहे. आणि एक गोष्ट पक्की ठरवा, माहेरी जे काही बोलायचं ते तू बोलायचं. जावयाच्या तोंडून तक्रार गेली की ती मानापमानाची होते. लेकीच्या तोंडून गेली तर घरातल्या घरात राहते.

मग भाऊ. फोनवर नको, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. समोर बसून बोल. 'तू वर्णद्वेषी आहेस' वगैरे मोठे शब्द काढलेस तर तो स्वतःचा बचाव करण्यात गुंतेल. त्याला दोनच गोष्टी सांग. एक, भाचीने रात्री काय विचारलं ते, तिच्याच शब्दांत. तो मामा आहे, तिला हसवायलाच त्याने तो खेळ केला होता. आपल्या खेळामुळे पोरीला तिचा बाप खोटा वाटू लागला हे त्याला ठाऊकच नसेल. दुसरी गोष्ट, तुझे सासरे लग्नाला कसे येतील ते त्याच्या डोळ्यांपुढे उभं कर. देवळात आणि मंगलकार्यात नेसायची पांढरीशुभ्र, जरीकाठाची वेष्टी नेसून, खांद्यावर अंगवस्त्र घेऊन ते बसलेले असतील, आणि समोर पोरं रंगीत लुंग्या गुडघ्यावर दुमडून तोंडं वेडीवाकडी करत असतील. त्याला विचार, कुंभकोणमच्या लग्नात आपले काका फेटे बांधून पहिल्या रांगेत बसलेत आणि तिथली पोरं फेटे चढवून, मिशा रंगवून हिंदी सिनेमातल्या मराठी गुंडाची नक्कल करताहेत, तर काका टाळ्या वाजवतील का?

आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. हिंदी पडद्यावर मराठी बाई किती वर्षं भांडी घासायला येत होती, आठव. नाहीतर नऊवारीतली मासेवाली. आणि मराठी पुरुष आला तर हवालदार. आपण त्यावर किती चिडतो!

बाबांशी बोलताना कदाचित पु. लं.चं नाव निघेल. "पेस्तनकाकांची नक्कल ऐकून आपण हसतो, तेव्हा पारशी कुठे चिडले?" असं ते म्हणतील. मुद्दा चांगला आहे, टाळू नकोस. पेस्तनकाकांच्या बोलीला आपण हसतो खरं, पण ऐकून संपतं तेव्हा मनात राहतो तो एक म्हातारा सहप्रवासी आणि त्याची बायको. त्यांची पुन्हा गाठ पडावी असं वाटतं. गणपतीतल्या त्या खेळानंतर घरात कुणाला कुंभकोणमच्या माणसांची गाठ घ्यावीशी वाटली? एवढंच विचार आणि थांब. बाबा लगेच कबूल होणार नाहीत, त्या वयात कुणी होत नाही. रागावलेच तर आईमार्फत निरोप पाठवत बसू नकोस. दोन दिवसांनी तूच फोन कर आणि दुसऱ्याच विषयावर बोल.

ते पुण्यात येतील तेव्हा सगळ्यांनी मिळून 'इंग्लिश विंग्लिश' बघा. 2012 चा, गौरी शिंदेंचा. त्यातली शशी गोडबोले पुण्याची, लाडवांचा छोटा व्यवसाय करणारी. घरात सगळ्यांचं तिच्यावर प्रेम आहे आणि तिच्या इंग्रजीवरून तिला रोज टोचतातही तेच. नवरा चारचौघांत कौतुकानेच म्हणतो की ही लाडू करायलाच जन्मली आहे, आणि श्रीदेवीचा चेहरा त्या क्षणी काय होतो ते बघण्यासारखं आहे. तिथे बाबांना काही समजावू नकोस, त्यांना नुसतं बघू दे. हा चित्रपटही साच्यांपासून सुटलेला नाही. तिच्या इंग्रजीच्या वर्गात पाकिस्तानी माणूस टॅक्सीच चालवतो, मेक्सिकोची बाई मुलंच सांभाळते आणि तमिळ माणूस अर्थातच सॉफ्टवेअरवाला. पण पुढे त्या सगळ्यांना एकमेकांची काळजी वाटू लागते आणि आपल्याला त्यांची. त्याची तमिळ आवृत्तीही आहे. विमानातल्या प्रसंगात हिंदीत अमिताभ आहेत तिथे तमिळमध्ये अजित आहे. तुझ्या सासूबाईंनी कदाचित तीच पाहिली असेल. दोन्ही घरांना एकच नायिका माहीत असणं, जेवणाच्या पंगतीत बोलायला विषय म्हणून पुष्कळ झालं.

संगीतातला नाच काढून टाकलास आणि त्या जागी काही दिलं नाहीस, तर मात्र तू सगळ्यांच्या मजेवर पाणी ओतणारी ठरशील. म्हणून पर्याय घेऊनच जा. भावाला रजनीकांतच आवडत असेल तर उत्तम. 'लुंगी डान्स' हे गाणं ज्यांच्या कौतुकासाठी केलंय ते रजनीकांत म्हणजे बंगळुरात मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड. 1975 साली के. बालचंदर यांनी त्यांना पहिली भूमिका दिली, तमिळ शिकायला सांगितलं, आणि तमिळनाडूने या मराठी घरातल्या मुलाला डोक्यावर घेतलं. याच बालचंदरांनी 1981 साली 'एक दुजे के लिए' केला. त्यात तमिळ नायकाला हिंदी येत नाही, पण त्याचं न येणं हा विदूषकी चाळा झालेला नाही. त्याला आवाज दिला एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी आणि त्या गाण्यांतल्या एकासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवट फार दुःखाचा आहे, तेव्हा लग्नघरात तो चित्रपट लावू नका. गाणी चालतील.

तर नवऱ्यालाच रजनीकांतचं त्याच्या आवडीचं एक तमिळ गाणं निवडू दे, आणि तोच भावाच्या मित्रांना ते शिकवू दे. मध्ये उभा राहिला तर शिकवणारा म्हणून राहील. सासूबाईंना आत्ताच फोन करून विचार, त्यांना कुम्मी येते का. तमिळ बायका फेर धरून टाळ्यांवर ती करतात. येत असेल तर आपल्याकडच्या बायकांचा झिम्मा आणि त्यांची कुम्मी एकापाठोपाठ होऊ दे. येत नसेल तर त्यांना काय करायला आवडेल ते विचार. नुसतं विचारलं तरी त्या पाहुण्या म्हणून न येता वऱ्हाडातल्या होऊन येतील.

सासरच्या बाजूलाही डोळस राहा. तमिळ सिनेमातही उत्तरेकडून आलेला माणूस म्हणजे मोडकं तमिळ बोलणारा, व्याजाने पैसे देणारा शेठ, हे कैक वर्षं चालत आलंय. कुंभकोणमला कुणी तुझ्या तमिळला हसत असेल, 'बॉम्बेची मुलगी' म्हणून काही धरून चालत असेल, तर तिथे बोलायचं काम नवऱ्याचं. हेही दोघांनी आत्ताच ठरवून टाका.

लग्नानंतर कधीतरी बाबांना कुंभकोणमला घेऊन जा. तिथून तंजावर तासाभराच्या वाटेवर आहे. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या वंशाने तिथे 1855 पर्यंत राज्य केलं. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास सांगणारा भला मोठा मराठी शिलालेख आहे, सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आहेत, आणि तिथली काही कुटुंबं अजून घरात त्यांची अशी मराठी बोलतात. साने गुरुजींनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना प्राचीन तमिळ कवी तिरुवल्लुवरांच्या 'कुरळ' या ग्रंथाचं मराठी केलं, तो तुरुंगही त्याच भागातला. दोन्ही व्याही सोबत फिरू देत. देवळाच्या आवारात सासरे तमिळमध्ये सांगतील, बाबा मराठी लेख वाचून दाखवतील, आणि मधे दुभाषी म्हणून तुझी लेक.

आता त्या लेकीचं. ती सहा वर्षांची आहे, तिला फेब्रुवारीपर्यंत थांबवू नकोस. आज झोपताना तिला सांग की टीव्हीतला तो माणूस नाटक करतो, खरे तमिळ लोक अप्पासारखे, थाथा-पाट्टीसारखे, म्हणजे तिच्या आजोबा-आजीसारखे बोलतात, आणि ते सगळेही एकसारखं बोलत नाहीत. मामा चुकला का असं तिने विचारलं तर सांग, "हो, मामाला माहीत नव्हतं, आता आपण त्याला सांगणार आहोत." मामा वाईट आहे असं तिच्या मनात जाऊ देऊ नकोस. आणि अप्पाला तिच्याशेजारी बसव, तो लहानपणी ऐकलेली एक गोष्ट तिला तमिळमध्ये सांगू दे. तूही तिथेच बस, कळलं नाही तिथे लेकीला विचार.